आठची गोळी

नागप्पा तोळणुरे मुलगी बघायला आले तेव्हा ते इतके लवकर आले, की मुलगी अजून जन्मायचीच होती, असं गिरिजाबाईंचे थोरले काका शेवटपर्यंत सांगत. हे थोडं वाढवून सांगितलेलं आहे. फार नाही.

निरोप चारचा होता. अक्कलकोटच्या अलीकडच्या त्या गावात चारचा पाहुणा सहाला यायचा. त्यात पाहुण्याची अब्रू राहायची आणि यजमानाची अंघोळ व्हायची. नागप्पा दारात उभे राहिले तेव्हा मुलीचे वडील आडावर अंगाला साबण लावून बसले होते, पोहे वाण्याच्या पोत्यात होते आणि चहात पडायची साखर अकलूजकडच्या एखाद्या फडात उसाच्या रूपाने अजून वाऱ्यावर डोलत होती. मुलगी, म्हणजे गिरिजाबाई, डोक्याला तेल थापून, परकर वर खोचून म्हैस धूत होत्या. पाहुण्याने म्हशीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त वेळ त्याने मनगटाकडे पाहिलं.

“चारला बोलावलं होतं,” तो म्हणाला. “चार वाजले.”

गिरिजाबाईंच्या आईने आत डोकावून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. “आमच्यात दहा मिनिटं हायेत की अजून.”

“तुमचं घड्याळ मागं हाय,” पाहुणा म्हणाला. उंबरठ्याच्या आत अजून त्याचं पाऊल पडलं नव्हतं, पण घरातली पहिली चूक काढून झाली होती.

मुलीला त्याने एकच प्रश्न विचारला. “सकाळी किती वाजता उठता?”

“म्हैस उठवती तवा.”

हे उत्तर नागप्पांना आवडलं. म्हैस वेळेची पक्की असते, असं त्यांचं मत होतं. लग्न ठरलं. त्या दिवशी पसंती नक्की कुणाला मिळाली होती, हे एकदा स्पष्ट विचारून घ्यायला हवं होतं, असं गिरिजाबाईंना पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

भिंतीवरच्या त्या घड्याळाचा काही दोष नव्हता, हे त्यांना लग्नानंतर कळलं. नागप्पांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. चुकून नव्हे, मुद्दाम. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं नवं कोरं घड्याळही त्यांनी मांडवातच, हळदीच्या बोटांनी, किल्ली ओढून दहा मिनिटं पुढे केलं. त्यामुळे त्यांच्या हिशेबाने मुहूर्त टळून गेला आणि अक्षता पडायच्या आत त्यांनी गिरिजाबाईंच्या गळ्यात हार टाकून दिला. अक्षता मागाहून पडल्या. गिरिजाबाईंच्या संसाराची सुरुवात अशी थोडी आधीच झाली.

“घड्याळ पुढं का?” त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

“माणसाला उशीर होऊ नये म्हणून.”

“पण पुढं हाय हे तुमाला ठावं हाय की.”

“व्हय.”

“मग तुमी मनात दहा मिनिटं वजा करता.”

“ते करतोच.”

“मग उपयोग काय?”

नागप्पांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी शाळा न शिकलेल्या माणसाकडे शिकलेला माणूस टाकतो. उत्तर दिलं नाही. आजतागायत दिलेलं नाही.

खरी गोम पुढेच होती. नागप्पा वजाबाकी फक्त स्वतःसाठी करत. दुसऱ्यांसाठी घड्याळ जे दाखवेल ते खरं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते, म्हणजे फाटकावर बसून कोण किती वाजता आत आला ते लिहायचं आणि उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापायचा. जगात एवढ्या नोकऱ्या असताना ही नोकरी याच माणसाला मिळावी, याला नशीब म्हणायचं की कट, हे कामगारांना कधी ठरवता आलं नाही. भोंगा वाजायच्या आधी धापा टाकत फाटकात शिरलेला माणूस नागप्पांच्या मनगटावर कधीच उशिरा पोचलेला असायचा. नंदीश हत्तुरे नावाचा एक यंत्रमागवाला होता. तो रोज सायकल हाणत यायचा आणि रोज उशिरा ठरायचा. एकदा त्याने भोंगा वाजत असतानाच फाटकात उभं राहून विचारलं, “अप्पा, हा भोंगा कशाचा वाजलालाय मग?”

“भोंगा चुकतो,” नागप्पा म्हणाले, आणि अर्धा दिवस कापला.

आणि स्वतः? स्वतः नागप्पा बरोबर भोंग्याला यायचे. त्यांच्या घड्याळात तेव्हा दहा मिनिटं होऊन गेलेली असायची. ती ते वजा करायचे.

असा हा माणूस निवृत्त होऊन सोलापूरच्या शेळगीतल्या घरात बसला तेव्हा त्याच्या ताब्यात कामगारांऐवजी एक बायको, एक दूधवाला आणि शाळेच्या मुलांना नेणारा एक रिक्षावाला एवढीच माणसं उरली. रोज सकाळी नागप्पा फाटकात उभे राहून रिक्षावाल्याला किती उशीर झाला ते सांगायचे. त्यांच्या घरातलं एकही मूल त्या रिक्षात नव्हतं.

मग मंगळवार बाजारात तो प्रकार झाला. पाल उशिरा लावल्याबद्दल नागप्पा एका भाजीवालीला शिस्त शिकवत होते आणि शिकवता शिकवता त्यांची जीभ जड झाली. शब्द येईनात. हात घड्याळाकडे न्यायला गेले तर हात तिथवर पोचेना. गिरिजाबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. नवरा बोलता बोलता मधेच थांबला हे त्यांनी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं आणि हातातली मेथी टाकून त्या धावल्या. भाजीवालीनेच पाणी मारलं, रिक्षा बोलावली. ज्या बाईला शिस्त शिकवायची होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून नागप्पा दवाखान्यात पोचले.

दोन दिवसांत जीभ परत आली. रक्तदाब मात्र डॉक्टरांना दोनदा मोजावा लागला, कारण पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या यंत्रावर विश्वास बसेना.

“या वेळी नुसती सूचना मिळाली,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या वेळी सूचना मिळणार नाही. रोज सकाळी ही एक गोळी. चुकवायची नाही.”

“सकाळी म्हणजे किती वाजता?” नागप्पांनी विचारलं. जीभ परत आल्यावर बोललेलं त्यांचं हे पहिलं सलग वाक्य होतं.

“सकाळी. नाश्त्याबरोबर.”

“नाश्त्याचं आमच्यात काय खरं न्हाई. कधी आठ, कधी नऊ.” त्यांनी गिरिजाबाईंकडे बघितलं. “तुमी वेळ सांगा.”

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या बाकावर ताटकळलेली माणसं बघितली. “आठ,” ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर आठ असं लिहून दिलं. नागप्पांनी ती चिठ्ठी सरकारी हुकमासारखी घडी घालून खिशात ठेवली.

आता यात गिरिजाबाईंना अवघड काही नव्हतं. नवऱ्याला रोज एक गोळी द्यायची, एवढंच. पण त्यांची मुलगी चेतना अकलूजला असायची आणि तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. या वेळी थोरल्या ओवीची शाळा होती, सासू हयात नव्हती, त्यामुळे आईनेच अकलूजला यायचं आणि बाळंतिणीचा सव्वा महिना काढायचा, असं ठरलं होतं. गिरिजाबाईंनी डिंक आणून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. नागप्पांना बरोबर न्यावं तर लेकीच्या घरी एका रात्रीपेक्षा जास्त राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. नागप्पांच्या तत्त्वात फार थोड्या गोष्टी बसायच्या.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला. गिरिजाबाई अकलूजला असताना सोलापुरातली ती गोळी नागप्पांच्या पोटात जाणार का? जाणार असेल तर त्या जाऊ शकत होत्या. नसेल तर लेकीच्या बाळंतपणाला बाई ठेवावी लागणार होती आणि हा विचार आला की गिरिजाबाईंना घास उतरत नसे.

“मी फोन करीन की रोज आठला,” त्या म्हणाल्या.

“टाइमकीपरला वेळ फोनवर सांगणार व्हय?” नागप्पा म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“लोकांना कुटं कळतंय?”

“मला कळतंय की.”

मग चेतनाने अकलूजहून एक घड्याळ पाठवलं. आकड्यांचं, काळ्या रबरी पट्ट्याचं, गजर लावायची सोय असलेलं. ठरल्या वेळी ते मनगटावरच टीटी टीटी करून ओरडायचं आणि बटन दाबलं की गप्प व्हायचं. चेतनाने सगळं लावून पाठवलं होतं. आठचा गजर लावला होता, वेळ बरोबर लावली होती. नागप्पांनी भिंग घेतलं, घड्याळाबरोबर आलेला बारीक अक्षरांचा कागद घेतला आणि दुपारची झोप मोडून ते ओसरीत बसले. संध्याकाळी घड्याळ दहा मिनिटं पुढे झालेलं होतं.

“आता मी बघते,” गिरिजाबाई म्हणाल्या. “हा आठवडा मी एक शब्द बोलणार न्हाई. गोळी तुमी आणि घड्याळ, दोघांनी मिळून घ्यायची. घेतली तर मी अकलूजला जाणार.”

“घेतली तर म्हणजे? घड्याळ कशाला हाय?”

पहिल्या सकाळी गिरिजाबाईंनी शेंगा चटणीच्या बरणीच्या झाकणावर गोळी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि भाकरी थापायला बसल्या. मनगटावर टीटी टीटी झालं. नागप्पा पेपर वाचत होते. त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं, बटन दाबलं आणि पेपर पुढे वाचू लागले.

गिरिजाबाईंनी ओठ घट्ट मिटले. भाकरी उलटली. ती फुगली, खाली बसली. शेवटी त्यांच्याच्याने राहवेना.

“अवो, ते वाजलं.”

“वाजलं. पण आठ कुटं झालेत? घड्याळ दहा मिनिटं पुढं हाय.”

“मग आत्ता घेतली तर काय बिघडतंय?”

“डॉक्टरनं आठ लिहिलंय. पावणेआठ लिहिलं असतं तर पावणेआठला घेतली असती.”

एवढ्यात फाटकाबाहेर शाळेची रिक्षा आली. नागप्पा उठले आणि रिक्षावाल्याला किती उशीर झाला ते सांगायला गेले. त्यावर रिक्षावाला काहीतरी बोलला, त्यावर नागप्पांना आणखी बोलावं लागलं. परत आल्यावर त्यांनी हात धुतले, शेंगा चटणीची बरणी उचलली, झाकण बाजूला ठेवलं आणि गरम भाकरीबरोबर चटणी खाल्ली. झाकणावरची गोळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण आठ वाजून गेले होते आणि आठ वाजून गेल्यावर नागप्पांच्या डोळ्यांना आठची गोष्ट दिसत नसे.

आठवडाभर हेच चाललं. घड्याळ आपलं काम इमानाने करायचं. ते ओरडायचं, नागप्पा त्याला गप्प करायचे, दहा मिनिटं हातात आहेत म्हणून निवांत बसायचे आणि त्या दहा मिनिटांत गोळी जी हरवायची ती हरवायचीच. गिरिजाबाईंना रोज दुपारी तीच गोळी उचलून, पाण्याबरोबर त्यांच्या तोंडात कोंबावी लागायची. बाकी काही नाही तरी माणूस जिवंत राहिला पाहिजे होता.

“गजर दहा मिनिटं उशिरा लावा की,” चेतना फोनवर म्हणाली.

“सांगितलं मी. ते म्हणतात, आठच्या कामाचा गजर आठलाच वाजला पाहिजे. आठ वाजून गेल्यावर गजर लावणारा माणूस बेशिस्त असतो.”

“मग घड्याळच बरोबर कर ना, अव्वा. झोपलेत की कर. खालचं बटन दाबून धरायचं, मग वरचं.”

गिरिजाबाईंनी आयुष्यात नवऱ्याच्या ताटाला हात लावला होता, कपड्यांना लावला होता, एकदा रागाने त्यांच्या टोपीलाही लावला होता. घड्याळाला कधी लावला नव्हता. पण दुपारी नागप्पा घोरत पडले आणि घड्याळ कोनाड्यात काढून ठेवलेलं दिसलं. त्यांनी मोबाइल शेजारी ठेवला, खालचं बटन दाबून धरलं, मग वरचं. आकडे धावले, मागे आले, थांबले. नागप्पांच्या घरातलं घड्याळ त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर चाललं. काही कोसळलं नाही. नागप्पा घोरतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरे आठ वाजले आणि खऱ्या आठला टीटी टीटी झालं. गिरिजाबाई परात घेऊन दारात उभ्या राहिल्या. नागप्पांनी मनगट बघितलं. बटन दाबलं.

“अजून दहा मिनिटं हायेत,” ते म्हणाले, आणि पेपर उलटला.

गिरिजाबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. बिघाड मनगटावर नव्हताच. तो वर, टोपीखाली होता, आणि तिथे खालचं बटन नव्हतं आणि वरचंही नव्हतं. घड्याळ परत पुढे करून ठेवावं असं त्यांच्या मनात आलं. मग म्हणाल्या, राहू दे. या घरात एक तरी गोष्ट बरोबर असू दे.

यात सव्वीस जानेवारी आली. ते राहत त्या सोसायटीच्या झेंड्याला गेल्या वर्षी जे पाहुणे बोलावले होते ते दहाला उगवले होते आणि तोवर निम्मी मुलं उभ्या उभ्या झोपली होती. म्हणून या वर्षी वेळेवर येणारा पाहुणा हवा, असं बैठकीत ठरलं. सोसायटीचा सचिव आता नंदीश हत्तुरे होता. तोच, सायकलवाला. माग सुटला होता, पोट सुटलं होतं, मोटारसायकल आली होती. त्यानेच नाव सुचवलं.

“तोळणुरे अप्पांसारखा वेळेचा माणूस सोलापुरात न्हाई,” तो म्हणाला. “मी सांगतो की. मला अनुभव हाय.”

नागप्पांनी मान डोलावली. कौतुक आणि टोमणा यांतला फरक ओळखायला माणसाला थोडी शंका लागते. नागप्पांना स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नव्हती. झेंडा आठला होता. त्यांनी पांढरा सदरा परीटघडीचा करून आणला, नवी टोपी आणली आणि दोरी ओढायचा सराव पडद्याच्या दोरीवर केला. पडदा दोनदा खाली आला.

त्या सकाळी गिरिजाबाई लवकर आवरून तयार होत्या. नागप्पा आरशासमोर टोपी बसवत होते आणि मनगटावर खरी, अगदी बरोबर, डोळ्यांत भरेल अशी वेळ होती. निघायला हवं होतं.

“निघा की आता.”

“लई लवकर हाय. पाहुण्यानं आधी जाऊन उभं राहू न्हाई.”

“उशीर होईल.”

नागप्पांनी टोपीवरचा हात काढला आणि आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. “उशीर?” ते म्हणाले. “मला?”

आता खरं म्हणजे गिरिजाबाईंनी सांगायला हवं होतं. अवो, ते घड्याळ मी बरोबर केलंय, वजा करू नका. तोंडाशी आलं होतं. पण त्या “मला?”मध्ये अक्कलकोटकडचा तो उंबरठा होता, आईचं घड्याळ मागं आहे म्हणणं होतं आणि आठवडाभर झाकणावर वाळलेल्या गोळ्या होत्या. गिरिजाबाईंनी पदर खोचला.

“मी पुढं होते,” त्या म्हणाल्या. “तुमी या तुमच्या वेळेनं.”

मैदानावर मुलं रांगेत होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आठ वाजले. लोक फाटकाकडे बघू लागले. कुणीतरी मोबाइल काढला. नंदीशने माइक हातात घेतला, दोनदा फुंकला आणि फार गोड आवाजात म्हणाला, “आपले प्रमुख पाहुणे वेळेचे एकदम पक्के आहेत. ते अजून आले नाहीत, म्हणजे अजून आठ वाजलेले नाहीत. आपापले मोबाइल कृपया खिशात ठेवा. मोबाइल चुकतात.”

बायकांत हशा पिकला. गिरिजाबाई हसल्या नाहीत. त्यांना हसू येत होतं आणि त्याच वेळी झाकणावरची गोळी आठवत होती, कारण घरी नागप्पांच्या मनगटावर आत्ताच टीटी टीटी झालं असणार आणि ते गप्पही झालं असणार.

मग नागप्पा आले. सावकाश, ताठ, परीटघडीच्या सदऱ्यात, आपण वेळेआधी पोचलोय या समाधानाने. रांगेतली मुलं बघून ते थबकले.

“एवढ्या लवकर का उभं केलंय पोरांना?” त्यांनी नंदीशला विचारलं. “अजून वेळ हाय की.” माइक चालू होता. ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

नंदीशने मोबाइल नागप्पांसमोर धरला. नागप्पांनी तो बघितला. मग स्वतःचं मनगट बघितलं. दोन्हीकडे एकच वेळ होती. ती वेळ वजा करायला नागप्पांनी तोंड उघडलं आणि वजा करता येईना.

“अप्पा,” नंदीश हळूच म्हणाला, पण माइक अजून चालूच होता, “अर्धा दिवस कापू का?”

नागप्पांनी दोरी ओढली. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. भाषणात त्यांना वेळेचं महत्त्व सांगायचं होतं. ते म्हणाले, “मुलांनो, अभ्यास करा,” आणि खाली बसले.

दोघं घरी आले. ओसरीत नागप्पांनी टोपी काढली.

“घड्याळाला कुणी हात लावला?”

“मी.”

“काय केलं त्याला?”

“बरोबर केलं.”

“बरोबर,” नागप्पा म्हणाले. घरात चोरी झाली असं ऐकल्यावर माणूस चोरीला गेलेल्या वस्तूचं नाव जसं उच्चारतो, तसं ते म्हणाले.

“मला सांगायला पायजे होतं,” गिरिजाबाई म्हणाल्या. “चार लोकांत तुमची मान खाली गेली. ते माझं चुकलं. पण गोळी तिकडं झाकणावर तशीच पडलीय, ते माझं न्हाई. मला लेकीकडं जायचंय. हितं तुमाला काय झालं तर मी तितं बसून काय करू, ते तरी सांगा.”

नागप्पा खाली बसले आणि त्यांनी ते काळ्या पट्ट्याचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. आता नागप्पा घड्याळ पुढे करणार, असं गिरिजाबाईंना वाटलं. पण त्यांनी बटनांना हात लावला नाही. उठले, आत गेले, झाकणावरची गोळी उचलली आणि तांब्याने पाणी प्याले. मग म्हणाले, “साकु,” म्हणजे कानडीत पुरे. ते कशाला पुरे म्हणाले हे कळलं नाही, पण गिरिजाबाईंच्या माहेरची भाषा ते फक्त हरल्यावर बोलायचे.

दुसऱ्या सकाळी टीटी टीटी झालं. नागप्पांनी मनगट बघितलं. वजा करायला काही नव्हतं. आठ म्हणजे आठच होते, मधे बसायला जागा नव्हती. ते उठले आणि त्यांनी गोळी घेतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतली. मग रोजच घेऊ लागले. रिक्षा फाटकात यायची, जायची, रिक्षावाला आशेने आत डोकावायचा आणि नागप्पा गोळीवर पाणी पीत असायचे. माणूस सुधारतो, असं गिरिजाबाईंना उभ्या संसारात पहिल्यांदा वाटलं. त्यांनी डिंकाचे लाडू बांधले, दुपटी पिशवीत भरली आणि अकलूजची एसटी पकडली.

चेतनाला मुलगा झाला. गिरिजाबाई रोज सकाळी फोन करायच्या. टाइमकीपरला वेळ सांगायची नाही, असं ठरलं होतं, म्हणून त्या आठ वाजून गेल्यावर करायच्या.

“घेतली?”

“घेतली.”

असं छान चाललं होतं. मग एक दिवस बाळाच्या गडबडीत फोन राहून गेला आणि दुसऱ्या सकाळी, बाळाला तेल लावता लावता, त्यांनी फोन खांद्यात धरला.

“वाजलं का घड्याळ?”

“वाजलं की. बरोबर आठला. एक मिनिट इकडं न्हाई, तिकडं न्हाई.”

“घेतली गोळी?”

“न्हाई. गोळ्या संपल्या की परवाच.”

बाळाच्या पोटावरचा गिरिजाबाईंचा हात थांबला. “परवा संपल्या? मग दुकानातून आणल्या का न्हाईत?”

“औषधाचं दुकान दहाला उघडतं,” नागप्पा म्हणाले. “गोळी आठची हाय.”

गिरिजाबाई त्याच दुपारच्या एसटीने सोलापूरला परत आल्या आणि वाटेतच बसस्थानकासमोरच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. चेतनाच्या बाळंतपणाला अकलूजमधली एक बाई ठेवली. गोळी आता गिरिजाबाई देतात, चहाबरोबर, साधारण साडेआठला.